नमुना

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. जाळीच्या आत मी,
बाहेर शनिवार.
लोक बाटली मागत नाहीत, आकडा मागतात.
आठशेच्या आत काय आहे?
सासऱ्यांना द्यायचीय, हातात जड लागेल अशी दे.
लग्नात होती ती. निळं झाकण. नाव आठवत नाही.
मी देतो. अकरा वर्षं देतोय.
स्वतः घेत नाही, अल्सर आहे,
म्हणून शेट निर्धास्त.

हौसाबाई शेडगे आल्या तेव्हा रांग आपोआप फाटली.
बासष्टीच्या. मसाला मार्केटात एकतीस वर्षं
मिरचीचे देठ खुडून बोटं विटकरी.
"साहेबांसाठी?" सवयीनं विचारलं.
"ते जाऊन सहा वर्षं झाली. मला पायजे."
मागं कुणीतरी खाकरलं.
त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

डोळ्यांसमोरच्या फळीवरची काढली मी
(शेटचं कमिशन त्याच फळीवर असतं).
"ही चालते."
"चालणारी नको. वास कसाय?"
बंद बाटलीला कसला वास, मावशी?
"मग तू सांग."

मला सांगता येईना.
स्मूद आहे, म्हणालो.
"स्मूद तर गोडंतेलबी असतंय."

मग त्याच विचारू लागल्या,
पोत्यात कोपरापर्यंत हात घालावा तशा:
गुळाकडं झुकती का सुंठीकडं?
लाकडाचा वास म्हणत्यात, तो कसल्या लाकडाचा,
दालचिनीच्या सालीचा का जुन्या पेटीचा?
धुराची असती म्हणं एक.
धूर म्हंजे मसाला वेलचीचा, का नुसताच जळका?
जळकं खूप गिळलंय. ते नको.

कंपनीचा पोरगा दिवाळीत काहीतरी बडबडून गेला होता,
तेवढंच भांडवल माझं:
ही निव्वळ माल्टची,
ही मळीची, वरून माल्टचा शिडकावा.
"म्हंजे धण्यात भुसा," म्हणाल्या. "आन् भाव?"

मोबाईलच्या कव्हरातून नोटा निघाल्या. आठशे.
माल्टची साडेएकोणीसशेला.

"क्वार्टर घ्या," मी म्हणालो, "दोन्हीच्या एकेक.
नाही आवडली तर एका रात्रीचंच नुकसान."
त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं.
"नमुना. हे आधी सांगायचं की रं.
नमुन्याशिवाय पोतं कोण उचलतंय?"

एका दिवसाचा परवाना फाडला.
सगळे त्यावर गिरगोटा काढतात.
त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

आठ दिवसांनी निकाल आला, रांगेसमोर, मोठ्यानं:
"स्वस्तातली घसा सोलती,
मागनं आईस्क्रीमवाल्याच्या गाडीचा वास.
दुसरी मिटून बसल्याली.
दोन चमचं पाणी घातलं, तशी बोलाय लागली.
जायपत्री. नक्की जायपत्री.
आन् शेवटाला ओलं गोणपाट."

गोणपाट म्हणजे चांगलं की वाईट?

"माझं हाय," म्हणाल्या. "मोठी दे.
भिशी लागलीया. पंचवीस शनिवार पुरती,
शनिवारी अठ्ठ्याहत्तर रुपये.
नातवाचा पिझ्झा ह्याच्या तिप्पट."

वर्तमानपत्रात गुंडाळायला गेलो.
"असू दे उघडी. मिरची काय गुंडाळून नेत होते व्हय मी?"

तेव्हापासून गिऱ्हाईकाला विचारून बघतो,
जेवणात तुम्हाला काय आवडतं?
बहुतेक चिडतात. एकजण म्हणाला, भजी.
काल एकानं हात जोडले, बाबा, बाटली दे.
दिली.

परवा खालच्या फळीवरची एक फुटली. तीच, माल्टची.
शेट ओरडेपर्यंत मी फरशीवर वाकून होतो,
फडकं हातातच.
काहीतरी होतं. गोड नाही, तिखट नाही,
सुकलेलं, तांबूस.
नाव येईना.

उद्या येताना वाण्याकडून
दहा रुपयांची जायपत्री घेईन.